तेहतीस वर्षं, वर पाच दिवस

शुक्रवार, २८ एप्रिल २०२३

नापोलीला, म्हणजे इटलीतल्या नेपल्सला, उतरायच्या आधीच आमचा बेत फसलेला होता.

मामा कोल्हापूरहून माझ्याकडे जर्मनीत महिनाभर आले होते. वय सहासष्ट. तरुणपणी पेठेतल्या तालमीकडून फुटबॉलमध्ये फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, खेळायचे, अजून उजवा गुडघा वाकत नाही आणि त्याचं त्यांना कौतुकच आहे. १९८६चा वर्ल्ड कप त्यांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर रात्री जागून पाहिला, तेव्हापासून घरात देवांच्या रांगेत नाही पण रांगेच्या जवळपास मॅराडोनाचा फोटो आहे. मॅराडोना नापोलीच्या क्लबकडून खेळलेला, त्यामुळे युरोपात आल्यावर कुठे जायचं, हा प्रश्नच नव्हता. पॅरिस सुचवून पाहिलं. "तिथं काय हाय?" म्हणाले.

तर बेत असा. शनिवारी २९ तारखेला दुपारी तीनला नापोलीची सालेर्नितानाशी मॅच. सेरी आ, म्हणजे इटलीची सगळ्यांत वरची लीग, तिच्यात वीस क्लब, प्रत्येकाच्या अडतीस मॅचेस. त्यातल्या एकतीस झाल्या होत्या आणि नापोली ७८ गुणांवर, दुसरा लात्सियो ६१वर. आपण जिंकलो आणि लात्सियो जिंकला नाही, की सहा मॅचेस बाकी असतानाच विजेतेपद. मागचं विजेतेपद मिळालं ते २९ एप्रिल १९९० रोजी, लात्सियोलाच १-० हरवून. बरोबर तेहतीस वर्षांनी तीच तारीख! मामांनी हे कॅलेंडरवर शोधून काढलं आणि मला तिकिटं काढायला लावली. शुक्रवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परत.

मग त्याच आठवड्यात मॅच रविवारी ढकलली गेली. लात्सियोची इंटरशी मॅच मिलानमध्ये रविवारी दुपारी साडेबाराला होती. आधी ती आटपावी, म्हणजे शहराला जो काही धिंगाणा घालायचा तो एकदाच घालता येईल, असा प्रशासनाचा हिशेब. तारीख गेली. आमचं परतीचं विमानही मॅच सुटायच्या वेळेलाच होतं.

राहायची खोली क्वार्तिएरी स्पान्योलीत, तिसऱ्या मजल्यावर. सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांसाठी वसवलेली ही वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातली आमटी आपल्या घरात शिजतेय असं वाटावं. या घरापासून त्या घरापर्यंत निळ्या-पांढऱ्या पताका, पुठ्ठ्याचे पुरुषभर उंचीचे खेळाडू, आणि जिथे तिथे इटलीच्या तिरंगी रंगात '३' हा आकडा. तिसरं विजेतेपद. अजून मिळालेलं नाही, पण पायऱ्यासुद्धा रंगवून झालेल्या.

फक्त आमच्या सिन्योरांच्या सज्जात काही नव्हतं. सत्तरीच्या बाई, घरमालकीण. माझ्या मोडक्या इटालियनमध्ये विचारलं, तुमच्याकडे झेंडा नाही? त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. स्कुदेत्तो हा शब्दच त्या घरात उच्चारायचा नव्हता. स्कुदेत्तो म्हणजे छोटी ढाल. जिंकलेला संघ पुढच्या वर्षी ती तिरंगी ढाल छातीवर शिवून खेळतो, म्हणून विजेतेपदालाच ते नाव. सिन्योरा म्हणत, "क्वेल्ला कोझा". ती गोष्ट.

मामांना मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. पोर जन्मायच्या आधी बारसं करत्यात व्हय?"

शनिवार, २९ एप्रिल

आज मॅच असायला हवी होती. नव्हती, म्हणून गावभर फिरलो.

आधी अर्थातच व्हिया एमानुएले दे देओ. तिथल्या एका इमारतीच्या अख्ख्या बाजूवर मॅराडोना आहे, १९९० सालच्या विजयाच्या वेळी गल्लीतल्याच एका तरुणाने रंगवलेला. मधे रंग उडाला, चेहऱ्याच्या जागी कुणीतरी खिडकी पाडली, मग २०१६ नंतर तो पुन्हा नीट केला गेला. खिडकी मात्र राहिली. झडपा मिटल्या तरच त्याला तोंड आहे. खाली मेणबत्त्या, शर्ट, फोटो, फुलं. गर्दी एवढी की आपोआप रांगच होते. मामांनी चप्पल काढली. मी म्हटलं, मामा, इथे काढत नाहीत. "तू गप." मागच्या दोन इटालियन पोरांनी ते पाहिलं आणि त्यांना ते मुळीच विचित्र वाटलं नाही.

तिथून जुन्या गावात. एका बारमध्ये भिंतीवर छोटा देव्हारा आहे आणि त्यात मॅराडोनाचा केस ठेवलेला आहे, एकच. फोटो काढायचा तर कॉफी घ्या, असा साधा व्यवहार. नापोलीची कॉफी म्हणजे दोन घोटांचा काढा. मामांनी त्यात तीन पुड्या साखर घालून ती "चालण्यासारखी" केली. थोड्या अंतरावर कॅथेड्रल, तिथे सान जेन्नारोचं वाळलेलं रक्त कुपीत जपलेलं आहे. वर्षातून तीनदा ते पातळ होतं का, याकडे गाव डोळे लावून बसतं. झालं नाही तर काहीतरी वाईट होणार म्हणतात. रक्त आणि केस यांत पाच-सात मिनिटांचं अंतर. इथल्या लोकांना त्यात विसंगती दिसत नाही, आणि ज्यांच्याकडे तालमीत मारुतीच्या शेजारी कप मांडलेले असतात त्यांना तरी का दिसावी?

रस्त्यावर लाल मिरचीसारखी शिंगं विकायला होती. नजर लागू नये म्हणून. आपल्या लिंबू-मिरचीची मावसबहीण. मामांनी एक घेतलं तर विकणाऱ्याने हाताने 'नाही' केलं. स्वतःसाठी घ्यायचं नसतं, दुसऱ्याने द्यावं लागतं, तरच लागू पडतं. म्हणून त्यांनी मला घेतलं, मी त्यांना घेतलं. विकणाऱ्याची दोन खपली. धंदा कसा करावा ते याच्याकडून शिकावं.

रात्री गल्लीत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबाहेर बसलेल्यांशी गप्पा झाल्या. यंदाच्या सीझनचं सगळ्यांनाच नवल. आदल्या उन्हाळ्यात लोक क्लबवर चिडलेले होते. इन्सीन्ये गेला, मेर्टेन्स गेला, कुलिबाली गेला, सगळे घरचे झालेले खेळाडू. त्यांच्या जागी कोण? जॉर्जियातल्या बातुमीच्या क्लबातून एक क्वारात्स्खेलिया, तुर्कस्तानातून एक कोरियन किम मिन-जे. नावं उच्चारताना जीभ वळेना. प्रशिक्षक स्पालेत्ती तर इतका नकोसा की त्याची फियाट पांडा चोरीला गेली होती तेव्हा पुढे एका फलकावर लिहिलं गेलं, तू जा, गाडी परत देतो. तोच स्पालेत्ती. पंधरा मॅचेसमध्ये तेरा विजय, दोन बरोबरी, आणि कतारच्या वर्ल्ड कपसाठी नोव्हेंबरात लीग थांबली तेव्हा नापोली आठ गुणांनी पुढे. जानेवारीत इंटरने पहिला पराभव दिला, तेव्हा सगळे म्हणाले, झालं, आता घसरणार. नऊ दिवसांनी युव्हेंटसला ५-१. आता क्वारात्स्खेलियाला सगळे 'क्वाराडोना' म्हणतात.

रविवार, ३० एप्रिल

विमान सोडलं. एवढंच सांगतो, कारण तिकिटांच्या पैशांचा हिशेब घरी अजून दिलेला नाही.

स्टेडियमची तिकिटं मिळणं आमच्या बापजन्मात शक्य नव्हतं. पण गल्लीत कशाला कमी! सकाळपासून लोक टीव्ही बाहेर ओढून आणत होते. कुणी खिडकीच्या कठड्यावर ठेवला, कुणी मासेवाल्याच्या पेट्यांवर. गावाचा मधला भाग वाहनांना बंद, म्हणजे स्कूटर फक्त नेहमीच्या निम्म्या.

साडेबाराला इंटर-लात्सियो. तिसाव्या मिनिटाला लात्सियोने गोल केला आणि गल्ली जेवायला बसली, जणू कुणाला फरक पडत नाही. ७८व्या मिनिटापर्यंत तसंच. मग लाउतारो मार्टिनेझ, मग गोसेन्स, पुन्हा लाउतारो. ३-१. बारा मिनिटांत अख्खं नापोली इंटरचं झालं. इंटर मिलानचा क्लब, उत्तरेतला. त्या उत्तरेतल्या स्टेडियमांतून 'व्हेसुव्हियस, यांना आगीने धू' अशी, शेजारच्या ज्वालामुखीला हाक घालणारी गाणी नापोलीकरांनी वर्षानुवर्षं ऐकलेली आहेत. आज सगळं माफ.

आता फक्त जिंकायचं होतं. सालेर्नितानाचं गाव सालेर्नो इथून पन्नास किलोमीटर, म्हणजे शेजारी, म्हणजे वैरी. त्यांच्या गोलात मेक्सिकोचा ओचोआ. वर्ल्ड कपमध्ये ज्याला सगळे चार वर्षांनी एकदा ओळखतात तो. त्याने पहिल्या अर्ध्यात काही जाऊ दिलं नाही.

इथे एक गंमत कळली. या मॅचेस इंटरनेटवरून दिसतात आणि प्रत्येक घरचा टीव्ही वेगळ्या वेगाने धावतो. आमच्या पेट्यांवरचा टीव्ही वरच्या गल्लीपेक्षा काही सेकंद मागे होता. ६२व्या मिनिटाला आमच्या पडद्यावर रास्पादोरी कॉर्नर घ्यायला नुसता उभा होता, आणि वरून आरडाओरडा कोसळला. आम्ही सगळे गोल झालाय हे माहीत असताना तो बॉल हवेत जाताना पाहत होतो. ओलिव्हेराचं डोकं. १-०. मामांच्या गळ्यात कुणीतरी पडलं, मग मामा कुणाच्या तरी. भडंगाची पिशवी त्यांनी तेव्हा फोडली. जयसिंगपूरची, लसणाची. दहा मिनिटांत गल्लीत 'नापोलीला विजयी' करणारा पदार्थ म्हणून ती हातोहात फिरली.

मग ८४वं मिनिट. या वेळी वरून आवाज आला नाही. वरची गल्ली एकाएकी गप्प झाली आणि आमच्याकडे बॉल अजून मधल्या रेषेपाशी होता. ती काही सेकंदांची शांतता मी विसरणार नाही. सगळे पडद्याकडे पाहतायत, कुणी काही बोलत नाही, आणि मग सालेर्नितानाचा डिया उजवीकडून आत शिरतो, ओसिमेनला चकवतो, डाव्या पायाने मारतो.

१-१. तसंच संपलं.

मामा फुलबॅकच. "आत येऊ द्यायचाच न्हाई. बाहेर ढकलायचा, लाइनीकडं. त्यो डावखुरा दिसतोय न्हवं? पण त्या ओसिमेनला काय बोलणार मर्दा, त्यो गोल मारायला जन्मलाय." ओसिमेन म्हणजे लागोसच्या रहदारीत पाण्याच्या पिशव्या विकून वाढलेला पोर, चेहऱ्याची हाडं मोडल्यापासून काळा मुखवटा लावून खेळतो. इथली लहान मुलं तोच मुखवटा लावून हिंडतात. एक पाच-सहा वर्षांचा मुखवटेवाला आमच्या शेजारी रडत होता. मुखवट्यातून रडू पुसता येत नाही म्हणून आणखीच रडत होता.

सोमवार, १ मे

इथे कामगार दिनाची सुट्टी, जर्मनीतही सुट्टी, घरी महाराष्ट्र दिन. मामांनी सकाळी फोनवर सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि मग मला म्हणाले, गुरुवारपर्यंत राहू. गुरुवारी रात्री नापोलीची मॅच उदीनेला होती, थेट ईशान्येच्या टोकाला. म्हणजे इथे नव्हतीच. मी तसं म्हटलं. "मॅच बघायला कोण आलंय?" ते म्हणाले. ऑफिसला कळवलं की लॅपटॉप बरोबर आहे.

सिन्योरांनी आज जेवायला बोलावलं. पास्ता आणि बटाटे एकत्र, वर चीज. मामांना हे पोटात दगड घालण्यासारखं वाटलं, पण दोनदा घेतलं. मग बाईंनी झेंडा न लावण्याचं कारण सांगितलं. मी अर्धं समजलो, उरलेलं फोनने भाषांतर केलं.

१ मे १९८८. आजचाच दिवस. आदल्या वर्षी पहिलं विजेतेपद मिळालं होतं, फिओरेंतिनाशी १-१ करून, आणि तेव्हा स्मशानाच्या भिंतीवर कुणीतरी मृतांसाठी लिहिलं होतं की तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला माहीत नाही. पुढच्या वर्षीही नापोलीच पुढे. पाच मॅचेस उरलेल्या. सिन्योरांच्या नवऱ्याने झेंडा आधीच टांगला. मग एसी मिलान हा क्लब इथे आला आणि ३-२ जिंकून गेला. मॅराडोनाची फ्री-किक जाळ्यात गेली तरीही. शेवटच्या पाच मॅचेसमध्ये मिळून नापोलीला एक गुण मिळाला. एक. नवरा आता नाही. झेंडा कपाटात आहे, पण तो वेळेआधी बाहेर काढणार नाही.

मी त्यांना २०१८ची आठवण दिली, आणि नको द्यायला हवी होती. त्या वर्षी युव्हेंटसच्या मैदानावर नव्वदाव्या मिनिटाला कुलिबालीने गोल केला, पुढच्याच आठवड्यात फिओरेंतिनाकडे ३-० हार. ९१ गुण मिळवून दुसरा नंबर. बाईंनी टेबलाखालून लाकडाला नाही, लोखंडाला हात लावला. इथे लोखंडाला लावतात.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "त्यांना सांग, आमच्या तालमीनं फायनल हारली तवा वाजंत्री आधीच ठरवल्याली. पैसे देऊन परत पाठवली." मी सांगितलं. सिन्योरा हसल्या नाहीत. मामांच्या ताटात तिसऱ्यांदा पास्ता वाढला.

मंगळवार, २ मे

कामाचे तास उरकून संध्याकाळी फुओरीग्रोत्ताला, स्टेडियम बघायला. पूर्वीचं सान पाओलो, मॅराडोना वारल्यावर डिसेंबर २०२०पासून त्याच्या नावाचं. बाहेरून कुरूप आहे, खरंच. लोखंडी छत नंतर डोक्यावर बसवल्यासारखं. तिथून पोत्सुओलीला गेलो. हा सगळा भाग ज्वालामुखीच्या कढईत आहे. तिथल्या रोमन बाजाराच्या तीन खांबांना मधोमध शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत, म्हणजे ही जमीन समुद्राखाली गेली आणि परत वर आली. १९८२ ते ८४मध्ये ती पावणेदोन-दोन मीटर उचलली गेली, बोटी धक्क्याला लागेनात. १९८४च्या जुलैत मॅराडोना आला. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही, पण इथे कुणाला असं सांगून बघा.

बुधवार, ३ मे

आज लात्सियोने सास्सुओलोला २-० हरवलं. म्हणजे आज घरबसल्या मिळणार नव्हतं. हिशेब असा: लात्सियो ६४, उरलेल्या पाचही जिंकल्या तर ७९. नापोली आजच ७९वर. एक गुण हवा, म्हणजे बरोबरीही चालेल. मामांनी तो हिशेब पिझ्झाच्या खोक्यावर मांडून पुन्हा तपासला. १९८८चा एक गुण आणि हा एक गुण, असं ते काही बोलले नाहीत. मलाच रात्री झोप येईपर्यंत आठवत राहिलं.

गुरुवार, ४ मे

स्टेडियम आज मॅच नसताना भरलं. मैदानात मोठे पडदे लावले होते, पन्नास हजारांच्या आसपास माणसं तिथे बसून रस्त्याने आठशेच्या आसपास किलोमीटरवरची मॅच पाहत होती. आम्ही आपल्या गल्लीत, मासेवाल्याच्या पेट्यांपाशी. पावणेनऊची सुरुवात. सिन्योरा खाली आल्या नाहीत. सज्जाचं दारही बंद.

तेराव्या मिनिटाला लोव्ह्रिचने उदीनेचा गोल केला. वरची गल्ली आधी गप्प झाली. आता आम्हाला ती शांतता ओळखता येत होती. मध्यंतरापर्यंत कुणी धड बसेना, उभं राहीना. एक माणूस रविवारी ज्या खुर्चीत होता तीच खुर्ची मिळावी म्हणून भांडला आणि मग लक्षात आलं, रविवारी तर १-१ झालं होतं, ही खुर्ची नकोच. मग पुन्हा लक्षात आलं की आज १-१ चालतंय. खुर्ची परत घेतली.

५२वं मिनिट. आमच्या पडद्यावर उदीनेचे खेळाडू बॉल काढायला धडपडत होते आणि वरून तो आवाज आला. या वेळी कुणीही पडद्याकडे पाहिलं नाही. क्वारात्स्खेलियाचा फटका गोलकीपरने अडवला, समोर पडलेल्या बॉलवर ओसिमेन धावला, हे मी नंतर पुनःप्रक्षेपणात पाहिलं. खरा गोल मी पाहिलाच नाही, कारण मी कुणाच्या तरी काखेत होतो.

नंतरची चाळीस मिनिटं नापोलीने बॉल स्वतःकडे ठेवला. मामा घड्याळ पाहत नव्हते, फक्त कॅप्टन दी लोरेंत्सोकडे बोट दाखवून सांगत होते, "बघ, त्याची जागा बघ." तो राइट बॅक, उजवीकडचा फुलबॅक. एवढ्या सगळ्यात मामा त्यांच्या जागेवर कोण उभा आहे तेच पाहत होते.

शिट्टी वाजली. त्यानंतर काय झालं ते क्रमाने सांगता येणार नाही. बारूद, निळा धूर, भोंगे, भांडी. व्हिया तोलेदोवरून प्लेबिशितो चौकाकडे माणसांचा लोंढा निघाला, आम्ही त्यात. एक म्हातारे गृहस्थ चौकाच्या कडेला पायरीवर बसून हमसाहमशी रडत होते आणि त्यांचा मुलगा फोनवर कुणाला तरी ते दाखवत होता. मामांनी गुडघ्यासकट तीन तास चालून दाखवलं. दीडच्या सुमारास मी म्हटलं, पुरे. धुराने डोळे चुरचुरत होते. त्या रात्री शहरात दोनशेच्या वर लोक जखमी झाले आणि गोळी लागून एक सव्वीस वर्षांचा तरुण गेला. ते आम्हाला सकाळी कळलं. मामांनी बातमी वाचून फोन खाली ठेवला आणि बराच वेळ चहा ढवळत राहिले.

शुक्रवार, ५ मे

अकराला निघायचं होतं. बॅग घेऊन खाली आलो तर गल्लीत फटाक्यांच्या कागदांचा चिखल, पुठ्ठ्याचा किम एका बाजूला कलंडलेला, आणि मासेवाला रविवारच्या त्याच पेट्यांत आज मासे मांडत होता.

वरून हाक आली. सिन्योरा सज्जात. आणि कठड्यावर तो झेंडा, घड्यांच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. निळा आता निळा राहिला नव्हता, राखाडीकडे झुकलेला. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "स्कुदेत्तो!" आठवडाभर गिळलेला शब्द.

मग त्यांनी दोरीने टोपली खाली सोडली. इथे अजून भाजी, ब्रेड असंच वर घेतात. टोपलीत कागदात बांधलेल्या दोन स्फोल्यातेल्ले होत्या, पापुद्र्यांच्या गोड पेस्ट्र्या, गरम. मामांनी त्या मला दिल्या, बॅग उघडली, कपड्यांखालून भडंगाची शेवटची पिशवी काढून टोपलीत ठेवली आणि दोरीला दोनदा झटका दिला.

"वढा वर!" ते मराठीत ओरडले. टोपली वर गेली.